अठ्ठ्याहत्तर चमचे

"तुमचा काटा चार ग्रॅम खोटं बोलतोय."

हे आपल्या आयुष्यातलं पहिलं प्रेमाचं वाक्य ठरणार आहे, असं तिला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर तिने त्या माणसाला आधी खुर्चीत बसवलं असतं आणि मग ताप आहे का ते पाहिलं असतं. कारण वाक्य कानावर पडलं तेव्हा तिची अवस्था काही प्रेमात पडण्यासारखी नव्हती. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात सकाळी साडेनऊ वाजता, चार मोठ्या पातेल्यांच्या मध्ये, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सही करून आणलेला वजनकाटा पोटाशी धरून ती उभी होती आणि चष्म्यावर इतकी वाफ जमली होती की समोरचे आचारी तिला ढगांत तरंगताना दिसत होते.

आहारशास्त्राच्या एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय ठरलेला: हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी कमी मिठाचं सूप, आणि तेही असं की रोज, कुणीही केलं तरी तंतोतंत तेच व्हावं. पाककृतींच्या पुस्तकात "मीठ चवीपुरतं" असं लिहिलेलं असतं ना, त्या 'चवीपुरतं'शी तिचं हाडवैर होतं. किती चवीपुरतं? कुणाच्या चवीपुरतं? आचारी मूठ भरून पातेल्यात टाकतात आणि वरच्या मजल्यावर कुणाचे तरी पाय सुजतात.

तेव्हा ती प्रत्येकाची मूठ तोलायला आली होती. आचारी मंडळींना दिवसभर पुरेल एवढी करमणूक मिळाली. एकाने तर अख्खा हात काट्यावर ठेवला आणि हाताचं वजन वजा करून मिठाचं सांगा म्हणाला.

आणि तेवढ्यात कोपऱ्यातून ते वाक्य आलं.

"आणि तुमचा खरं बोलतो कशावरून?" ढगांच्या दिशेने तोंड करून तिने विचारलं.

उत्तराऐवजी एक धुतलेला पांढरा फडका तिच्या हातात आला. "आधी चष्मा पुसा. मग आकडा वाचा."

चष्मा पुसल्यावर दिसला तो तिशीच्या आतबाहेरचा एक उंच माणूस. त्याच्या टेबलावर स्टीलचा काटा, एक घड्याळ, ओळीने लावलेल्या वाट्या आणि कडेला पितळेची छोटी वजनं. तिने मघाशी तोललेली एक मूठ त्याने स्वतःच्या काट्यावर पुन्हा तोलून पाहिली होती. आता त्याने वीस ग्रॅमचं वजन त्यावर ठेवलं. वीस. मग तेच तिच्या काट्यावर. चोवीस.

"चाळीस वाट्यांच्या पातेल्याला वीस ग्रॅम मीठ," तो म्हणाला. "चार ग्रॅमने काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती त्या टेबलाकडे, एखादी मुलगी दागिन्यांच्या दुकानाकडे बघेल तशी बघत राहिली. बाकीचे त्याला 'सोनार' म्हणायचे. मिठाचा सोनार. चेष्टेत म्हणायचे, पण पथ्याची सगळी पातेली त्याच्याकडेच होती.

त्या दिवसापासून तिचं टेबल तेच झालं.

त्याचं काम बघत राहावं असं होतं. लसूण भाजायला टाकला की तो बोलायचा थांबायचा आणि कान तव्याकडे करायचा. तडतड बारीक झाली की घड्याळ बघून आच बंद. भोपळा किती शिजला ते चमच्याच्या पाठीने दाबून, कांदा किती झाला ते रंग बघून. तिने पुस्तकांतून चार वर्षं जे पाठ केलं, ते हा माणूस हातांनी करत होता, आणि केल्यावर कागदावर लिहूनही ठेवत होता. असा आचारी आपल्याला भेटला हे तिला गाईड मॅडमना सांगताना स्वतःचाच आवाज जरा जास्त आनंदी वाटला. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

आणि मग तो चमचा.

रोज पावणेअकराला, ट्रॉल्या वर जायच्या आधी, तो लाकडी चमच्यात घोटभर सूप घ्यायचा, फुंकर मारायचा आणि तिच्यासमोर धरायचा. "सांगा."

ती डोळे मिटून चाखायची. मग सांगायची... लसूण मागून येतोय, आधी भोपळा, शेवटी लिंबू. तो मन लावून ऐकायचा. अगदी तिच्या चेहऱ्यावर काही लिहिलंय आणि ते पुसायच्या आत वाचून काढायचंय, असा.

"दुसरं कुणी नाही का चाखायला?" एकदा तिने विचारलं.

"आहेत. पण ते सगळे 'छान' म्हणतात."

"मीही छानच म्हणते."

"हो, पण तुम्हाला छान म्हणायला पूर्ण मिनिट लागतं."

ट्रॉली ढकलणाऱ्या मावशी हे ऐकून भांड्यांशी बोलायच्या, की काही लोकांचं सूप थंड होतं, पण गप्पा गरमच राहतात. सगळ्या वॉर्डांत पोचणाऱ्या त्या मावशींनीच एक दिवस बातमी आणली, की खोली नंबर आठचे आजोबा, ज्यांनी तीन आठवडे वाटी भिंतीकडे तोंड करून परत पाठवली होती, त्यांनी आज आणखी आहे का म्हणून विचारलं. ती आणि सोनार एकमेकांकडे बघून हसले. एवढंच. पण त्या दिवशी घरी जाताना ती आपला थांबा सोडून दोन थांबे पुढे उतरली आणि आईला फोनवर सांगत बसली, की आज बस फारच भरभर पुढे गेली.

रोज वहीत नोंद व्हायची. तारीख, मीठ, पाणी, लसूण, चव. चवीच्या रकान्यात रोज एकच शब्द: योग्य.

शेवटचा टप्पा होता चव ओळखण्याच्या परीक्षेचा. दहा जणांचं पॅनेल. प्रत्येकासमोर तीन कप. दोन सारखे, एक वेगळा. वेगळ्यात भाजलेला लसूण. वेगळा कप ओळखायचा, नऊ वेळा. परिचारिका, डॉक्टर, दोन नातेवाईक, आणि सातव्या क्रमांकावर तिने मोठ्या अभिमानाने सोनाराचं नाव घातलं. तो आधी नको म्हणाला. मग तिच्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाला.

सगळ्यांना सात, आठ, नऊ. सोनाराला तीन.

नऊपैकी तीन. तीन कपांतून डोळे झाकून बोट ठेवणाऱ्याला जेवढे मिळतील तेवढे. नेमके तेवढेच. तिने कागद तीनदा तपासला. मग हसत हसत त्याच्या टेबलापाशी गेली, सर्दी झाली होती का विचारायला.

तो टेबल पुसत होता. पुसलेलंच पुन्हा पुसत होता.

"सर्दी नाही," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी ताप आला होता. ताप गेला... जाताना वास घेऊन गेला. खारट कळतं, आंबट, गोड कळतं. बाकी सगळं कोमट पाणी."

ती उभीच राहिली. एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर जागच्या जागी बसत गेली. काटा. घड्याळ. तव्याकडे केलेला कान. इतरांनी नाकाने केलं असतं ते सगळं हा माणूस दोन वर्षं कानांनी, डोळ्यांनी आणि ग्रॅमनी करत होता, आणि कुणाला पत्ता नव्हता. तिला त्याच्यासमोर हात जोडावेसे वाटले. आणि त्याच क्षणी दुसरी एक गोष्टही जागेवर बसली, ती मात्र टोचली.

"म्हणजे रोजचा चमचा... तुम्हाला माझी जीभ हवी होती."

"सुरुवातीला... हो."

त्या 'हो'च्या पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही.

दोन दिवस ती वाचनालयात बसली. प्रश्न साधा नव्हता. सदस्य सातची उत्तरं ठेवली तर परीक्षा बिघडते. काढली तर कारण लेखी द्यावं लागतं, ते स्वयंपाकघराच्या प्रमुखांकडे जातं, आणि वास न येणाऱ्या आचाऱ्याला कामावर कोण ठेवेल? पेन उघडायचं, बंद करायचं. मध्येच राग यायचा, की आपण चार महिने ज्याला काय काय समजत होतो, ते निव्वळ गुणवत्ता तपासणीचं काम होतं. आपण त्याच्या टेबलावरचं एक उपकरण. काट्याशेजारी ठेवायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मॅडमच्या खोलीत गेली. कारण काय द्यायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. एकेक अक्षर तोलून ठेवल्यासारखं.

'पॅनेल सदस्य क्रमांक सात. मला दोन वर्षांपासून वास येत नाही. नऊही उत्तरं अंदाजाने दिली, त्यांतली तीन बरोबर आली. हे मी आधी सांगायला हवं होतं. प्रबंध करणाऱ्या बाईंची यात चूक नाही. एक प्रत स्वयंपाकघर प्रमुखांना दिली आहे.'

तिने तो दोनदा वाचला. मॅडम मात्र कामाचं बोलत होत्या. प्रमुखांशी त्यांचं बोलणं झालं होतं. गॅस गळतीचा गजर बसवायचा, आणि त्याच्या पाळीला नाक असलेला एक माणूस जवळ हवा, एवढ्यावर तो राहतोय. त्याची परीक्षेतली उत्तरं काढायची, कारण सरळ लिहायचं. "आणि अगं, ज्याला वासच येत नाही, त्याने तुझी कृती वाचून रोज तंतोतंत तेच सूप केलं. प्रमाणित कृती म्हणजे आणखी काय असतं? वेगळं प्रकरण लिही यावर." मग त्यांनी वही चाळली आणि भुवया उंचावल्या. "फक्त एक सांग. चवीची नोंद तीनदा घेतली की पुरे, असं मी वर्गात शिकवते. तू एक्क्याऐंशी दिवस घेतलीस. कशासाठी?"

तिने वही परत घेतली आणि ती निघाली.

उत्तर मिळालं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात, ट्रॉल्यांपाशी. मावशी रिकाम्या वाट्या मोजून ठेवत होत्या. तिने सहज विचारावं तसं विचारलं, की मी यायच्या आधी चमचा कोणाला मिळायचा.

"मला की," मावशी म्हणाल्या. "नवीन काही केलं की तीन दिवस. चौथ्या दिवशी म्हणायचा, मावशी, आकडा बसला, आता तुम्ही सुटलात." वाटी वाटीत बसवून त्या पुढे म्हणाल्या, "त्याच्या नाकाचं मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. दूध करपत होतं आणि हा शेजारी उभा राहून गाणं गुणगुणत होता. मी दूध उतरवलं आणि गप्प बसले. जीव ओतून काम करणारं माणूस आहे. पण काय गं, तुला किती दिवस मिळाला चमचा?"

तिने बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. मावशींनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग फार समजूतदारपणे पुन्हा वाट्या मोजायला घेतल्या. आधीच मोजलेल्या.

पावणेअकरा वाजले होते. पातेलं तयार होतं. लाकडी चमचा टेबलावर पालथा ठेवलेला, आणि सोनार तिच्याकडे पाठ करून वजनं पुसत उभा. ती समोर जाऊन उभी राहिली. चष्म्यावर वाफ आली. तिने तशीच राहू दिली.

"सुपाचा आकडा कधी बसला होता?"

त्याला प्रश्न समजायला जरा वेळ लागला. मग समजला, आणि तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"चौथ्या दिवशी."

"मग उरलेले अठ्ठ्याहत्तर चमचे?"

त्याने वीसचं वजन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. काट्यावर ठेवता येईल असं काही सापडेना, तेव्हा शेवटी बोलला.

"तुम्ही चाखताना डोळे मिटता. आधी भुवया वर जातात, मग थोडं थांबून... ओठांच्या कडेला हसू येतं. ते थांबणं असतं ना, त्यात लसूण असतो. दोन वर्षांनी मला पहिल्यांदा कळलं, आपण केलेलं सूप कसं लागतं ते." आणि मग हळूच, "तुम्ही त्या दिवशी 'हो' ऐकलं आणि गेलात. त्याआधी मी 'सुरुवातीला' म्हटलं होतं."

हात तोलायला सांगणारा आचारीसुद्धा कांदा चिरायचा थांबला होता.

तिने पिशवीतून चार छोट्या बाटल्या काढल्या आणि त्याच्या काट्याशेजारी ओळीने मांडल्या. दोन दिवस वाचनालयात ती नुसती रागावून बसली नव्हती. रागावून वाचतही बसली होती. लिंबाची साल, लवंग, गुलाब, निलगिरी. रोज दोनदा, प्रत्येकी वीस सेकंद हुंगायचं, आणि हुंगताना तो वास आठवायचा. काहींचा वास असा हळूहळू परत येतो.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"सहा महिने तरी. जास्तही लागतील. आणि येईलच असं काही नाही."

"रोज दोनदा?"

"रोज दोनदा. आणि आठवण करून द्यायला शेजारी कुणीतरी लागतं."

त्याने हिशेब केला. चेहऱ्यावरून वाटलं, की सहा महिने त्याला जरा कमीच वाटताहेत.

"नाक पुढे कर," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की 'तुम्ही' कुठेतरी सांडलंय. त्याच्याही लक्षात आलं होतं. दोघांपैकी कुणीच ते उचललं नाही.

पहिली बाटली. त्याने डोळे मिटले. ती घड्याळाकडे बघायची सोडून त्याच्याकडे बघत होती. वीस सेकंद कधीच होऊन गेले. मिटलेल्या डोळ्यांच्या माणसाकडे इतक्या जवळून बघण्यात काय मौज असते, हे तिला आत्ता कळत होतं. हा अठ्ठ्याहत्तर दिवस कसा काय गप्प राहिला कोण जाणे.

"काही येतंय?"

"काहीच नाही," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच, आणि ओठांच्या कडेला हसू. "तू सांग."

ती सांगू लागली. आधी उन्हात सोललेल्या सालीचा पिवळा शिडकावा, मग जिभेच्या कडांना येणारं पाणी, मग जरासा कडवटपणा... पूर्ण मिनिटभर.

मावशींनी ट्रॉली आत घेतली, दोघांकडे पाहिलं, पातेल्यातून स्वतःच घोटभर सूप चाखलं, "छान," असं पातेल्यालाच सांगितलं, आणि वाट्या भरायला घेतल्या.