माहेरचं पीठ

पेशीलेख नावाची तपासणी आली आणि लातुरात थापा मारायची सोयच संपली. लघवीचे चार थेंब यंत्रात घातले की झालं. प्रत्येक घातक पदार्थ आपल्या पेशींतला जनुकांचा मजकूर आपापल्या पद्धतीनं बिघडवतो. तंबाखूची खूण वेगळी, धुराची वेगळी. यंत्र ती ओळखतं आणि पहिल्यांदा कधी उमटली तेही सांगतं. 'सुपारीच्या खांडालाही शिवलो नाही' म्हणणारे भलेभले बायकोसमोर माना खाली घालून उभे राहायचे.

शीतल जाधवरला ती धास्ती नव्हती. तिच्या नवऱ्याला, बालाजीला, मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला होता खरा. पण त्याला व्यसन असं कसलंच नव्हतं. होता तो जुना मधुमेह.

"मावशी, काका झाडपाल्याचं औषध घेतात," डॉक्टर समीना मुलाणी म्हणाल्या. "साखरमोडीची वेल. खूण अगदी स्पष्ट आहे."

"हे? अहो मॅडम, कारल्याची भाजी केली तर ताटावरून उठतात!"

बोलता बोलता तिला पीठ आठवलं. कडू चालत नाही म्हणूनच तर ती वेल वाळवून, ज्वारीत मिसळून गिरणीतून दळून आणायची. त्याला पत्ता लागू न देता, वर्षानुवर्षं! साखर उतरली तेव्हा बालाजी गावभर सांगत सुटला, रोज चालतो ना, त्याची कमाल. तिला मनातून केवढा आनंद व्हायचा. आता तिनं सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"पण झाडपालाच ना हो तो? त्यानं काय होणारंय?"

"धडधाकट माणसाची मूत्रपिंडं त्यातलं बरंचसं विष बाहेर टाकतात. मधुमेहात ती आधीच थकलेली असतात, विष साठत जातं. साखर उतरलेली दिसते, मग संशय तरी कुणाला येणार?" डॉक्टरांनी विचारलं, "ते पीठ आणखी कोण खायचं?"

"घरात पीठ एकच असतं, मॅडम." मग तिला आठवलं. "आणि ऋतुजा."

लेक पुण्याला दिली, तरी तिच्या परातीत माहेरचंच पीठ. दर महिन्याला एसटीनं डबा जायचा. ऋतुजाला गरोदरपणात साखर निघाली, तेव्हा तर शीतलनं वेल मूठभर जास्तच घातली होती. जीव तुटत होता तिचा लेकीसाठी. तेही तिनं डॉक्टरांना सांगितलं.

"पाया पडते, ह्यांना सांगू नका."

"काकांना तुम्हीच सांगा. पण ऋतुजाला आजच बोलवा. नातीलाही."

नवऱ्याला सांगायचा धीर तिला झाला नाही. लेकीला मात्र तिनं फोनवर रडत रडत सगळं सांगितलं.

ऋतुजा चार वर्षांच्या इराला घेऊन आली. ऋतुजाच्या पेशींत खूण होती, गाठ नव्हती. "वेळेत कळलं ना, मग रडतेस कशाला?" असं उलट तिनंच आईला समजावलं.

इराची तपासणी डॉक्टरांनी दोनदा केली.

"काय झालं, मॅडम?"

"खूण इराच्या वयापेक्षा जुनी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ती पोटात असतानाची."

शीतलला पुन्हा रडू फुटलं. आजी रडतेय म्हटल्यावर इरा दोन्ही हात पुढं करून तिच्याकडे झेपावली. ऋतुजानं तिला मागं ओढलं.