डाव्या पंखाचा बिघाड

तो खरं तर तिच्याकडे आलाच नव्हता. त्याला जायचं होतं पुढच्या फाटकात, नर्सरीवालीकडे. पण वळण चुकलं आणि त्याची स्कूटर थेट बटाट्याच्या शेताशी येऊन थांबली. समोर फवारणी यंत्राचा हाताने फिरवायचा गंजलेला कॉक दोन्ही हातांनी पिळत शेतकऱ्याच्या घरातली धाकटी मुलगी उभी होती, आणि कॉक काही तिला दाद देत नव्हता.

"नर्सरी इथेच का?"

"इथे रोपं दिसतायत?" तिने मान वर न करताच विचारलं. मग मान वर केली... आणि पुढचं तिखट वाक्य विसरलीच. कानावर टेस्टर खोचलेला एक तरुण हसू दाबून तिच्याकडे बघत होता.

"तो कॉक फेकून द्या," तो म्हणाला. "विजेचे व्हॉल्व्ह लावा. ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या बटण दाबायचं, इथली छोटी मोटर फिरते, फवारा सुरू. पुन्हा दाबलं की बंद."

"आणि ते तुम्ही लावून देणार."

"सांगितलंत तर."

सांगितलं. न सांगून करते काय?

यंत्राला फवारे सोडणारे दोन लांब पंख. एक व्हॉल्व्ह डाव्या पंखाला, एक मधे, एक उजव्याला. तीन दिवस तो शेडमध्ये वायरी ओढत बसला आणि ती पाने-पकडी पुरवत बसली. जाता जाता त्याने तिला सगळं शिकवलं. फवारणी झाली की साध्या पाण्याने व्हॉल्व्ह धुवायचा. प्लग कधी उघडा ठेवायचा नाही, थेंबभर पाणी शिरलं तरी पिना हिरव्या पडतात. काढायचाच झाला तर वर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीला रबर. शेवटी त्याने तिचं बोट धरून व्हॉल्व्हवर टेकवलं.

"कळतंय?"

"काय?"

"मोटर फिरतेय ते."

"हो... कळतंय," ती म्हणाली, आणि बोट जरा उशिराच काढलं.

मग तो गेला. आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं, कारण यंत्र बिघडेचना! चाळीस दिवस झाले, एक व्हॉल्व्ह कुरकुरेल तर शपथ. शेजारच्या नर्सरीवालीकडे त्यानेच लावलेला व्हॉल्व्ह मात्र दर आठ दिवसांनी अडकून बसायचा. दर आठ दिवसांनी स्कूटर धाकटीच्या फाटकापुढून जायची, तो हात हलवायचा, ती तोंड फिरवायची. मग कुंपणापलीकडून नर्सरीवालीचं खळखळून हसणं ऐकू यायचं आणि इकडे हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाई दिसायला देखणी, स्वतःच्या जमिनीची मालकीण, वर हौसेने चहा पाजणारी. चिडायला एवढं पुरे होतं.

"वहिनी, एखाद्याचा व्हॉल्व्ह दर आठवड्याला कसा गं अडकतो?"

"अडकतो की अडकवतात, कोण जाणे," वहिनी बटाटे सोलता सोलता म्हणाली. "बाकी तुला कळलं का? ती त्याला कायमचं कामावर ठेवतेय. राहायला खोली, सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात. उद्या सकाळी तो सांगणार आहे, हो की नाही ते."

शेजारी बसून फोडी करणाऱ्या धाकटीची सुरी थांबली.

"काय गं, बोट कापलं?"

"नाही," ती म्हणाली आणि उठून शेडमध्ये गेली.

थोड्या वेळाने तिने त्याला फोन लावला. "डावा पंख बंद पडलाय."

"आलोच."

आणि आलाच की तो. धुतलेल्या टाकीत साधं पाणी भरलेलं होतं, त्याने ट्रॅक्टर सुरू केला आणि एकेक तपासत निघाला. बटण दाबलं, दिवा लागला. फ्यूज शाबूत. मधला व्हॉल्व्ह फिरला, उजवा फिरला, डावा ढिम्म. ती हाताची घडी घालून बघत होती. गप्प राहायचं ठरवलं होतं तिने. पण जिभेला हाड असतं थोडंच.

"आज तिकडे नाही गेलात?"

"सकाळीच जाऊन आलो."

"चहा झाला असेल."

"झाला."

"साखर बरोबर होती?"

त्याने वळून पाहिलं. "साखरेचा आणि डाव्या पंखाचा काही संबंध आहे का?"

"छे. सहज विचारलं."

ट्रॅक्टर बंद करून तो पंखाखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात सुटलेला प्लग होता. प्लगला छोटी पारदर्शक पिशवी, पिशवीवर रबराचे तीन वेढे.

"उंदीर," तो गंभीरपणे म्हणाला.

"उंदीर?"

"उंदरांनी प्लग काढला. मग पाणी शिरू नये म्हणून पिशवी चढवली, रबर बांधलं. फार शिकलेले उंदीर आहेत तुमच्याकडे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. चोरी करायला जावं आणि निघताना सवयीने घराला कुलूप लावून यावं, तशी गत. प्लग काढताना राग होता, पण पिशवी कधी बांधली ते हातांनी तिला कळूच दिलं नव्हतं.

"का काढलात?" त्याने हळूच विचारलं.

"मग काय करू? तिचा दर आठवड्याला बिघडतो. माझा मेला एकदाही नाही."

तो रिकाम्या पेटीवर बसला. "ती फवारणीनंतर धूत नाही. औषध आत सुकतं आणि व्हॉल्व्ह अडकतो. दर वेळी सांगतो, दर वेळी नुसती हसते."

"हसते ते ऐकू येतं मला इथे."

"आणि तुमचा का बिघडत नाही?"

"मी धुते म्हणून."

"ते आहेच. पण बसवताना मी प्रत्येक प्लगला दुप्पट ग्रीस भरलं, प्रत्येक वायर पाइपातून नेली. म्हटलं, तुम्हाला कधी त्रास नको. घरी पोचलो आणि मग डोक्यात प्रकाश पडला... आता परत यायला कारणच उरलं नाही. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. चाळीस दिवस तुमच्या फाटकापुढून स्कूटर हळू नेतोय, कोणी थांबवतंय का बघत."

"थांबायचं की मग."

"तोंड फिरवलेल्या माणसाकडे कसं थांबू?"

त्याच्या हातातल्या प्लगवरचं रबर ती उगाच ताणत राहिली.

"उद्या तिला काय सांगणार?"

"तुम्ही म्हणाल ते."

'तुमची मर्जी' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढं म्हटलं असतं तर मान राहिला असता... आणि माणूस गेला असता.

"नाही म्हणा," ती म्हणाली.

"कारण विचारलं तर?"

"सांगा, शेजारणीला बघवत नाही. तुमची स्कूटर तिच्या फाटकात वळली की माझा जीव जळतो. मला आवडता तुम्ही. झालं समाधान?"

त्याने पिशवी काढली. प्लगला नवं ग्रीस लावलं, जागेवर दाबून बसवला आणि म्हणाला, "जा, बटण दाबा."

ती ट्रॅक्टरवर चढली, ट्रॅक्टर सुरू केला, बटण दाबलं. मोटर गुरगुरली आणि डावा पंख टोकापर्यंत फुलून आला. तो मात्र पंखाखालून हललाच नाही. शर्ट भिजला, केस भिजले, कानावरचा टेस्टर भिजला.

"बाजूला व्हा की!"

"आधी सांगा, उद्या यायला बिघाड लागेल?"

"नाही लागणार," ती म्हणाली, आणि बटण बंद करायचं विसरली.

दुसऱ्या दिवशी त्याने नर्सरीवालीला नकार दिला. ती खळखळून हसली आणि म्हणाली, "बरं, पण व्हॉल्व्ह अडकला तर येशील ना?" येईन म्हणाला, कामच होतं ते त्याचं.

पण तिचा व्हॉल्व्ह त्यानंतर एकदाही अडकला नाही. तिकडची फवारणी संपली की धाकटी स्वतः पाइप घेऊन जायची आणि नितळ पाणी येईपर्यंत तिथले सगळे व्हॉल्व्ह धुऊन काढायची. निघताना चहा घ्यावाच लागे. साखर अगदी बरोबर असायची, आणि याचाही तिला रागच यायचा.