शिवमूर्तीचं खातं

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. पण शरणम्मा मावशी खोटं बोलणाऱ्यातली नाही.

लातूर. सप्टेंबर २०११. एका कोचिंग क्लासची कॉम्प्युटर लॅब.

तीस मुलं, एक सर्व्हर आणि तो सांभाळणारी मावशी. किल्लारीच्या भूकंपात तिचं सख्खं असं कुणी उरलं नव्हतं. होती ती ही नोकरी.

रोज दुपारी तीन छप्पनला सर्व्हर बंद पडायचा.

आधी कीबोर्डांची टकटक थांबायची... मग तीसही स्क्रीन गोठायचे.

"रविवारी सराव परीक्षा हाय मॅडम. मशीन पडलं तर नोकरी गेली म्हणून समजा," क्लासचे मालक अंबरीश सरांनी बजावलं.

मावशीनं सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. एकच खातं प्रोग्राम सुरू करत सुटलं होतं. एकाचे दोन, दोनाचे चार... मशीनमध्ये तसूभर जागा उरेना.

खात्याचं नाव... शिवमूर्ती.

तिचा धाकटा भाऊ. भूकंपात गेला तेव्हा सात वर्षांचा.

चाचणीसाठी तिनंच ते खातं उघडलेलं. पासवर्ड फक्त तिला ठाऊक. एका वेळी किती प्रोग्राम चालतील, ही मर्यादा तिनं प्रत्येक खात्याला घातली होती. त्याला नाही. सरांना म्हणाली, घालायचं राहून गेलं.

राहून कसलं जातंय! हातच धजला नव्हता तिचा.

भूकंपाच्या त्या रात्री ती अंगणात बाजेवर झोपली होती. शिवमूर्ती उशी घेऊन आला.

"अक्का, सरक की."

"जागा न्हाई हितं. आत जाऊन झोप."

पहाटे तीन छप्पनला घराचं माळवद, ते मातीचं जड छत, कोसळलं.

शनिवारी मावशीनं डोळे पुसले आणि त्याच्या खात्याला मर्यादा घातली... शून्य.

रविवारी तीन छप्पन झाले. टकटक चालूच राहिली. परीक्षा पार पडली, सरांनी पेढे वाटले.

मुलं गेल्यावर तिनं नोंदी पाहिल्या.

तीन छप्पनला त्या खात्यानं एक प्रोग्राम मागितला होता. नकार. पुन्हा मागितला. नकार. शेकडो वेळा...

चार वाजता मागणं थांबलं होतं.

मावशी ढसाढसा रडली. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणत तिनं मर्यादा काढून टाकली. सोमवारी घड्याळाकडे डोळे लावून बसली.

सर्व्हर पडला नाही. त्यानंतर कधीच पडला नाही.

परवा दुपारी मी तिला भेटायला गेलो. लांब बाकाच्या अगदी टोकाला सरकून बसली होती. मी शेजारी टेकणार...

"तिथं नको बसू रे," ती म्हणाली.

मी उभाच राहिलो.