आबांच्या झाडाला काटे कुठून आले?

“मृत्यू ही गोष्ट आता जुनी झाली!” बाबांनी परसात उभं राहून जाहीर केलं. “माणूस जातो, पण त्याचं झाड त्याच्यासाठी पुन्हा पालवी फोडतं. हे बघा, आबा परत आले आहेत!” असं म्हणून त्यांनी संत्र्याच्या बुंध्याशी आलेला हिरवागार फुटवा प्रेमाने मुठीत धरला आणि पुढच्याच क्षणी “आई गं!” म्हणत अंगठा तोंडात घातला.

आबा परत आले होते खरे, पण काटे घेऊन.

ही गोष्ट अमरावतीची. तेव्हा रिक्षा चालकाशिवाय धावू लागल्या होत्या. थांबायच्या मात्र अजूनही चौकाच्या मधोमध. बाबा कॉलेजात इतिहास शिकवायचे, त्यामुळे भाषण अर्ध्यावर सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण त्या दिवशी ते हळद शोधायला आत गेले. दहा वर्षांची इरावती, म्हणजे इरू, तेवढी झाडापाशी बसून राहिली.

तिला एक कोडं पडलं होतं. ती लहानपणापासून या झाडावर चढत आली होती. तिला कधी काटा बोचला नव्हता. मग हे बोटभर लांब काटे आले कुठून? तिने फुटव्याचं एक पान चुरगळून हुंगलं. लिंबाचा वास! वरच्या फांदीचं पान चुरगळलं. त्याला संत्र्याच्या सालीचा वास होता.

“बाबा, एकाच झाडाच्या पानांना दोन वास कसे?”

“अगं, आबांना विचा...” बाबा खिडकीतून म्हणाले आणि उरलेलं अक्षर गिळून टाकलं.

आबा, म्हणजे इरूचे आजोबा, फळशास्त्रज्ञ (फळझाडांचा अभ्यास करणारे) होते. ते भाद्रपदात गेले. त्यानंतर झाड शेंड्याकडून वाळत चाललं, आणि बुंध्याशी हे फुटवे आले. इरूला वाटलं, झाड आबांसाठी धडपडतंय. ती फुटव्यांना पाणी घालायची आणि संध्याकाळी त्यांच्याशी बोलायची. एकाला शाळेतली भांडणं सांगायची, एकाला गणिताचे मार्क. सगळ्यात उंच फुटव्याला ती काहीच सांगायची नाही. नुसती त्याच्याजवळ बसायची.

खुरप्या मात्र रोज सकाळी कात्री परजत त्या फुटव्यांवर चालून यायचा. खुरप्या म्हणजे आबांचा बागकाम करणारा यंत्रमानव, उंचीने गुडघ्याएवढा. शेवटी इरूने रडत रडत त्याचं बटण बंद केलं, त्याच्यावर आबांचा रेनकोट टाकला आणि त्याला पाण्याच्या टाकीमागे ढकलून दिलं होतं.

आता विचारायला तोच एक उरला होता. तिने बटण दाबलं.

“नमस्कार, इराबाई. माझ्या अंगावर रेनकोट आहे. पाऊस पडतोय का?”

“नाही. माघ चालू आहे.”

“मी किती दिवस बंद होतो ते सांगू शकतो. पण आबा म्हणायचे, विचारल्याशिवाय हिशेब देऊ नये.”

“आबा गेले, खुरप्या.”

“माहीत आहे जी. तेव्हा मी चालू होतो.”

इरूने नुसतं काट्याकडे बोट दाखवलं. खुरप्या करकरत झाडापाशी आला आणि त्याने बुंध्यावर दिवा टाकला. जमिनीपासून वीतभर वर सालीवर एक आडवा वळ होता.

“हा जोड. हे एक झाड नाही, दोन आहेत. जोडाखाली जंभेरी (लिंबाच्या जातीचं काटेरी, दणकट झाड). तिची मुळं चिवट, पण फळ खाल तर तोंड वाकडं होईल. जोडाच्या वर संत्रा. आबांनी जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा (पानाच्या बगलेत झोपलेली कळी) बांधला होता. याला म्हणतात कलम.”

“मुळं आंबट झाडाची, मग संत्री गोड कशी?”

“मुळं पाणी आणि क्षार पाठवतात, स्वभाव पाठवत नाहीत. स्वभाव असतो जनुकांत (सजीवाचे गुण ठरवणाऱ्या सूचना), आणि त्या प्रत्येक पेशीत असतात. संत्र्याच्या पेशी संत्राच घडवतात, जंभेरीच्या पेशी जंभेरी. दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायल्याने आडनाव बदलत नाही, असं आबा म्हणायचे.”

“म्हणजे हे फुटवे...”

“जोडाखालचे. जंभेरीचे. मुळांकडून निघालेलं पाणी आधी यांना भेटतं आणि बरंचसं इथेच संपतं. वर संत्रा उपाशी राहतो. म्हणून मी रोज खुडायचो.”

इरू बारीक आवाजात म्हणाली, “म्हणजे आबांचं झाड मीच वाळवलं.”

खुरप्या जागच्या जागी दोनदा पुढेमागे झाला.

“एकदा आबा मला बंद करून परगावी गेले होते. परत आले तेव्हा असेच फुटवे आलेले. दिवसभर ते स्वतःला शिव्या देत होते. त्या मी साठवल्या आहेत. त्यांच्याच आवाजात. ऐकवू?”

इरूला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. तिला तो आवाज ऐकायचा होता. पण आत्ता नको होता.

हळदीचा अंगठा घेऊन बाबा बाहेर आले. तिघांनी मिळून झाड तपासलं. वर एकच फांदी हिरवी होती.

“तिच्यावरचा डोळा घ्या,” खुरप्या म्हणाला. “आणि खालचा पेन्सिलीएवढा जाड फुटवा निवडा. संत्र्याला पाय हवेत, जंभेरीला ते आहेत.”

तेवढा जाड एकच होता. सगळ्यात उंच, ज्याच्याजवळ ती नुसती बसायची तो.

बाकीचे इरूने स्वतःच्या हाताने कापले. भांडणांचा कापला, मार्कांचा कापला. मग खुरप्या सांगेल तसं तिने उंच फुटव्याच्या सालीवर चाकूने चीर दिली. सालीखाली ओलसर हिरवा थर दिसला. खोडाची जाडी तिथूनच वाढते आणि दोन झाडं जुळतात तीही तिथेच. तिने चिरेत डोळा सरकवला, त्याचं टोक उघडं ठेवून पट्टी गुंडाळली आणि विचारलं, “आबांचं झाड वाचेल?”

“वरचं बहुतेक नाही. पण डोळा लागला, तर तेच झाड पुन्हा होईल. त्याच्यासारखं दुसरं नाही, तेच. आबांनी हा डोळा त्यांच्या गुरुजींच्या झाडावरून आणला होता. गुरुजींनी आणखी कुणाच्या. ती झाडं केव्हाच गेली.”

“माणसाचं असं करता येतं?”

“नाही जी.”

बाबा खाली वाकून कापलेले फुटवे गोळा करू लागले.

तीनेक आठवड्यांनी त्यांनी पट्टी सोडली. डोळा हिरवा होता, आणि त्यातून मोहरीएवढा कोंब डोकावत होता. बाबांनी घसा खाकरला, “मृत्यू ही गोष्ट...” मग अंगठ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “वाढेल सावकाश.”

“फळं कधी लागतील?” इरूने विचारलं.

“चारेक वर्षांनी. तोवर खालचे फुटवे मी रोज खुडीन. मला बंद केलं नाही, तर.”

“नाही करणार.” इरू त्या कोंबाजवळ नुसती बसली. सावली लांबत गेली. बाबाही येऊन शेजारी बसले.

“इराबाई,” खुरप्या म्हणाला, “एक मागू का?”

“माग ना.”

“डाव्या चाकाला थोडं तेल घालता का? फोडणीतलं नको. मागे मुंग्या आल्या होत्या.”