सापळ्याची ओळ

आमच्या मासिकात वर्षातून एकदा संगणकाच्या भाषांचा तक्ता छापला जातो. कोणती भाषा चढली, कोणती उतरली, कोणती शेवटच्या घटका मोजते आहे. तो तक्ता मी करते. कंपन्यांचे मालक तो परीक्षेच्या निकालासारखा वाचतात आणि त्यावरून माणसं ठेवतात किंवा काढतात.

तक्त्याची तळाची ओळ मात्र खोटी असते. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. दुसऱ्या मासिकाने तक्ता उचलला, की अस्तित्वातच नसलेली ती भाषाही त्यांच्याकडे छापून येते आणि चोर मुद्देमालासह सापडतो. खोटं नाव कोणतं, हे फक्त मला आणि संपादकांना ठाऊक असतं. गेल्या वर्षी काही सुचेना. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून मी लिहिलं, 'लोलक'.

त्याच तक्त्यात 'मेरू' पार खाली घसरली होती. मेरू म्हणजे माझ्या दादाची भाषा. उभी हयात त्याने तिच्यात घालवली. लहानपणी मलाही त्यानेच शिकवली. मेरूत प्रत्येक ओळीच्या शेवटी टिंब द्यावं लागतं, आणि ते मी हमखास विसरायचे; म्हणून दादाने मला 'टिंबू' म्हणायला सुरुवात केली, ते आजतागायत. तक्ता छापून आला आणि त्याच्या कंपनीने मेरूचा विभागच बंद केला. दादा घरी बसला. वहिनी फोनवर हळू आवाजात बोलायला लागली. त्यांच्या घरी जाणं माझ्या जिवावर येई.

मग एका रविवारी दुपारी दोघंही माझ्याकडे आली.

"टिंबू, नोकरी लागली!" दादाने दारातूनच सांगितलं.

माझा जीव भांड्यात पडला. "कशात रे?"

"लोलकमध्ये. दुसरं मला येतंय काय! पुन्हा बरे दिवस आलेत लोलकला."

मी हसले. "पुरे हं. आमचा सापळा तुला कुणी सांगितला?"

"कसला सापळा?"

त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर ओळींमागून ओळी होत्या, आत सरकत जाणाऱ्या आणि पुन्हा बाहेर येणाऱ्या. एकाही ओळीच्या शेवटी टिंब नव्हतं. त्याने कळ दाबली आणि प्रोग्रॅम सुरळीत चालला. मला भीती वाटायला हवी होती; खरं सांगते, आधी कुतूहलच वाटलं. माझ्या एका दुपारच्या आळसातून हे एवढं सगळं आलं कुठून?

"आणि मेरू?" मी विचारलं.

"मेरू कोण?"

मी वहिनीकडे पाहिलं. "अगं, लग्न ठरलं तेव्हाही हे लोलकच करत होते," ती म्हणाली. "माझे बाबा विचारायचे, जावई घड्याळं दुरुस्त करतात का?"

दोघंही मनापासून हसली.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना गाठलं. "गेल्या वर्षी आपला सापळा कोणता होता?"

"मेरू," ते चष्मा पुसत म्हणाले. "तूच सुचवलंस की. विसरलीस?"

मी जुने अंक काढले. धुळीने हात काळे झाले. जिथे जिथे मेरू असायला हवी होती, तिथे तिथे लोलक होती. कागद तितकाच पिवळा होता.

सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण लोलक खोटी ठरली, तर दादा पुन्हा घरी बसणार. मी तोंडाला कुलूप लावलं.

यंदाच्या तक्त्याची वेळ आली. संपादक म्हणाले, "नवं नाव घाल." मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. एक आत आलं की काहीतरी बाहेर जातं, एवढं मला कळून चुकलं होतं. ती ओळ मी कोरी सोडली. छपाईला जाईपर्यंत कोरीच होती. मी स्वतः पाहिली.

छापील अंक मी पहिल्यांदा पाहिला तो दादाच्या हातात. कामावरून येताना त्याने विकत घेतला होता. बूटही न काढता तो वाचत बसला होता.

"लोलक चढली बघ!"

त्याचं बोट तक्त्यावरून खाली सरकत गेलं. तळाशी थांबलं.

"टिंबू," तो म्हणाला.

"काय रे?"

त्याने गोंधळून मान वर केली. "काय, काय? ही नवीन भाषा आलीये, तिचं नाव वाचतोय."

पुन्हा त्या ओळीकडे पाहून तो हसला.

"गोड नाव आहे, नाही? कुणी ठेवलं असेल?"