कल्याणचा खडा

पटणार नाही, पण घडलंय. लंकाबाईनं स्वतः सांगितलंय, आणि ती बाई चहातली साखरसुद्धा वाढवून सांगत नाही.

गेल्या चैत्रातली अमावस्या. पाथर्डी तालुक्यातलं गाव. नाव राहू द्या.

गावाला जुनी दगडी वेस आहे. दारं कधीच गेली. उरली अडसराची भोकं आणि खड्यांचा कोनाडा. मुक्कामाला बाहेर जाणारा आपल्या खुणेचा खडा त्यात ठेवतो, परतला की उचलतो. पूर्वी खडे मोजूनच वेस लावत. घोळक्यातून परका आत शिरला, की हिशेब चुकायचा.

आता नुसती रीत.

दिवेलागणीला श्रीगोंद्याहून ऊसतोडीचा टेम्पो आला. माणसं खडे उचलून आत गेली. लंकाबाई हात मोडल्यानं यंदा मागं राहिलेली. नवऱ्याची वाट बघत वेशीतच उभी होती.

"वहिनी, घरी जा," राखणीचा रामहरी म्हणाला. "कोनाडा रिकामा हाय. कल्याण कवाच आत गेला."

"माझ्या म्होरून न्हाई गेला."

"सहा म्हैन्यांनी वळखलाच नसल!"

ती हसली नाही.

तेवढ्यात फोन आला. कल्याणचा. "आमचा टेम्पो मागं ऱ्हायला. फाट्यावर हाय, आलोच."

लंकाबाई मागं वळली...

आत तिसरं घर तिचं. कुलूप लावून आली होती.

खिडकीत दिवा होता.

"लंके..." आतून हाक आली. कल्याणचाच आवाज. "ये की आत. वेस लावायची येळ झाली."

रामहरीचं हसू विरलं.

बाहेर टेम्पो थांबला. कल्याण उतरला, सवयीनं कोनाड्यात हात घातला. "माझा खडा कुठंय?"

रामहरीनं काठी आडवी धरली. "बिगरखड्याचा आत न्हाई, गड्या."

लंकाबाईनं फोन लावला. समोरच्याच्या खिशात वाजला...

आणि घरातही.

समोरचा थरथरायला लागला. घरातला शांतपणे हाका मारत राहिला.

तिनं घाबरलेल्याला धरलं आणि काठीखालून आत ओढलं.

दिवा विझला.

घराचं कुलूप जसंच्या तसं. आत दोन ताटं वाढलेली.

एक उष्टं.

सकाळी कोनाड्यात खडा होता. चुन्याच्या ठिपक्याचा, कल्याणच्या खुणेचा. म्हणजे कुणीतरी बाहेर गेलंय... परत यायला.

कुणी त्याला हात लावत नाही. लंकाबाई रोज सांजेला तो आहे ना, बघून येते.

"आणि एखाद्या दिवशी नसला तर?" मी विचारलं.

ती दारात बसलेल्या कल्याणकडं बघत राहिली.