महांतेशनं जपलेलं प्लॅस्टिक

उदगीरच्या एसटी स्टँडवर कंडक्टर माझ्याशी मातीवरून वाद घालत होता, तेव्हा महांतेश मला पहिल्यांदा दिसला. माझ्यापाशी काळ्या मातीचं पोतं होतं. कंडक्टरला त्याचं लगेज तिकीट हवं होतं आणि ते संशोधनाचं साहित्य आहे, हे मी त्याला तिसऱ्यांदा समजावत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, माती नांदेडला कामून नेऊन राहिलात? तिकडची संपली का?"

मी रागानं वळले. सावळा, उंच, हसू मिशीत दाबलेलं... राग तिथंच अर्धा झाला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी भार्गवी, नांदेडला पीएचडी करते. मक्याचा स्टार्च मिसळून असं प्लॅस्टिक बनवते, की जे मातीत पुरलं तर कुजून जावं. तीन वर्षं माझा जीव त्यातच अडकलाय. पण महांतेशनं विचारलं तेव्हा मी थाटात सांगितलं, "जैवविघटनशील संमिश्र पटलांच्या वस्तुमान-ऱ्हासाचा अभ्यास." त्यानं "हाव" म्हणत मान डोलावली. त्याला समजलं असं मी धरून चालले. माती न्यायची कशाला, तुम्हीच या की मातीकडं, असंही तो म्हणाला. ते मात्र मला चटकन समजलं.

तर त्याच्या सोयाबीनच्या कडेला, आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्याच, घरापासून थोडं दूर, मी जाळीच्या बारा पिशव्या पुरल्या. प्रत्येकीत माझ्या प्लॅस्टिकचे तुकडे. दर पंधरा दिवसांनी जायचं, एक पिशवी उकरायची, नांदेडला आणून धुवायची, वाळवायची, वजन करायचं. मी डोळे बारीक करून तुकड्यांवरची भोकं बघायची आणि महांतेश माझ्याकडे बघायचा. त्याची आई शरणम्मा कानडीत काहीतरी बोलायची आणि तो लाजायचा. काय म्हणाल्या, असं विचारलं की सांगायचा, "चहा घ्या म्हणाली." एवढ्या लांबलचक वाक्यात नुसता चहा कसा मावतो, याचा मी बसमध्ये नांदेडपर्यंत विचार करायची.

पंधरा दिवसांत वजन चार टक्के घटलं. तीस दिवसांत नऊ, पंचेचाळीस दिवसांत सोळा. मी हवेत होते. साठाव्या दिवशीही सोळाच. पंचाहत्तराव्या दिवशी पुन्हा सोळा. माझ्या गाईड सौदामिनी मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढच्या आठवड्यात समितीसमोर हेच आकडे दाखवावे लागले, तर विषय बदलावा लागेल, असं त्या शांतपणे म्हणाल्या. मी प्रयोगशाळेतच रडले आणि मग, न कळवताच, ठरलेल्या दिवसाच्या एक दिवस आधी उदगीरची बस धरली.

आखाड्यावर पोचले तर दोरीवर माझ्या सात पिशव्या वाळत घातलेल्या. चिमट्यांसकट. महांतेश त्यातली एक मऊ फडक्यानं हळुवार पुसत होता. मला बघून तो इतका दचकला की पिशवी त्यानं पाठीमागे लपवली.

"काय करताय हे?"

"आज कशा काय मॅडम... उद्या येणार होता ना?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बियाण्याच्या कंपनीचा माणूस शेतात डेमो प्लॉट लावून गेला, की ही मंडळी त्याला गुपचूप शेणखत घालतात, चार पाणी जास्त देतात. प्लॉट हिरवागार दिसावा आणि बिचाऱ्याची नोकरी टिकावी म्हणून. माझं प्लॅस्टिकही त्यांना तसलाच डेमो वाटला, आणि ते तर भोकं पडून संपत चाललेलं. मी डोळे बारीक केले की महांतेशला वाटायचं, आता रडते. म्हणून पंचेचाळिसाव्या दिवसानंतर त्यानं सगळ्या पिशव्या काढून कोरड्या जपल्या. मी येणार त्याच्या आदल्या दिवशी तो त्या परत पुरायचा.

"ते कुजावं म्हणून तीन वर्षं मरतेय मी," मी म्हणाले.

तो मटकन बाजेवर बसला. "मग आधी सांगायचं न्हाई?"

"सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं? पटल का काय... आमी समजलो, तुमाला लई टिकाऊ पायजे."

मला संताप आला होता, खरंच. पण तो चिमटे मुठीत धरून असा बसला होता, की मला हसू फुटलं आणि हसता हसता पुन्हा रडूही आलं.

समितीसमोर मी काहीच लपवलं नाही. सौदामिनी मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, ओल्या मातीत कुजतं आणि कोरडं ठेवलं तर जराही कुजत नाही. म्हणजे दुकानात टिकेल आणि शेतात संपेल, अजून काय हवं? विषय वाचला. ओल्या मातीतला प्रयोग मात्र पहिल्यापासून करायचा होता.

हे सांगायला मी स्वतः गेले. फोन होता, तरी गेले. महांतेश ऐकत राहिला आणि मग जमिनीकडे बघत म्हणाला, "एक खोटं बोललो. तुमच्या रडण्यापायी जपलं, हे अर्धंच हाय. ते कुजून संपलं की तुम्ही येणं बंद करणार... म्हणून बी जपलं."

झिमझिम पाऊस होता. माझे कान मात्र तापले. मी खांद्यावरच्या पिशवीतून खुरपं आणि जाळीच्या पिशव्यांचा नवा गठ्ठा काढला.

"किती हाईत?"

"चोवीस."

"एवढ्या लागतात?"

"प्रयोगाला बारा पुरतात," मी म्हणाले. "उरलेल्या... माझ्या आहेत. मलाही येणं बंद करायचं नाही, महांतेश."

त्यानं माझ्या हातातलं खुरपं घेतलं आणि सोयाबीनच्या कडेपासून खड्डे करायला लागला. एकेक खड्डा घराकडे सरकत होता. शरणम्मा दारात येऊन बघत राहिल्या. चोविसावा त्यानं थेट पायरीपाशी खणला.

"इथं मुरूम आहे," मी म्हणाले. "इथं लवकर कुजणार नाही."

"ही नकोच कुजायला, भार्गवी," तो म्हणाला.